एकास पंचवीस

अमेरिकेतल्या मराठी घरात पाहुण्यांना घर दाखवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी ग्रॅनाइटचा ओटा, मग देवघर (बिल्डरच्या नकाशात ते कोट टांगायचं कपाट असतं), मग वरच्या खोल्या, त्यातली एक 'आई-बाबा आले की त्यांची', आणि शेवटी बेसमेंट. बेसमेंटमध्ये भिंतभर टीव्ही, कुणीही न खेळणारं पिंगपाँगचं टेबल आणि बासमतीची पोती. डेट्रॉइटच्या उपनगरांत, म्हणजे ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात, काही घरांत मात्र ही यात्रा बेसमेंटच्या जिन्याशी येऊन थबकते. "खाली नको हं, पसारा आहे," असं काकू घाईघाईने म्हणतात. काका काहीच म्हणत नाहीत. पण जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर त्यांचं बोट आधीच गेलेलं असतं.

अशा घरात मॉडेलकाका राहतात असं खुशाल समजावं.

प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारगाड्या सुट्या भागांतून जोडायच्या, घासायच्या, रंगवायच्या, काचेच्या कपाटात मांडायच्या आणि कपाटाचं दार बंद व्हायच्या आत पुढचा डबा उघडायचा, हा मॉडेलकाकांचा जन्मभराचा नाद. हा माणूस चारचौघांत ओळखता येतो. भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवलेला असतो आणि तो तिथे आहे हे विसरून ते घरभर त्याला शोधत असतात. सुपरग्लूची बोटांवर इतकी पुटं चढलेली असतात की स्वतःचा फोन त्यांचा अंगठा ओळखत नाही. त्याच अंगठ्यावर कुठला ना कुठला रंग असतो, आणि काकूंना त्यावरून सगळं कळतं. चंदेरी असला तर इंजिन चालू आहे, म्हणजे जेवायला हाक मारली की अर्ध्या तासाने येतील. काळा असला तर गाडीची खालची बाजू चालू आहे; पाऊण तास. लाल किंवा निळा असला तर बाहेरचा रंग चालू आहे, आणि त्या दिवशी हाकच मारायची नाही. हाकेने हात हलतो.

बाकी गृहस्थ अगदी साधा. स्वतःची खरी गाडी म्हणजे बारा वर्षं जुनी करड्या रंगाची सेदान. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मीठ जून महिन्यापर्यंत तिच्या दारांवर तसंच असतं. धुवायला वेळ नसतो. खाली बेसमेंटमध्ये सव्वासात इंची मस्टँगला मात्र कानकोरणीवर पॉलिश घेऊन पाचव्यांदा चकाकी देणं चालू असतं.

मॉडेलकाकांशी गाड्यांबद्दल बोलायला जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडीचा वेग, मायलेज, किंमत यांत त्यांना रस नसतो. त्यांचा पहिला प्रश्न एकच: "स्केल कोणती?" अमेरिकन मॉडेलगाड्यांची घराणी दोन, एकास पंचवीस आणि एकास चोवीस. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी बहुतेक पंचवीसचं माप धरलं. चोवीसवाले फुटाला अर्धा इंच असा सोपा हिशेब करतात. शिकागोजवळची मोनोग्रॅम आणि जपानची तामिया त्या बाजूच्या. सामान्य माणसाला दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तरी फरक दिसत नाही. काकांना अंधारात हाताने कळतो. १९५९ची कॅडिलॅक मूळची २२५ इंच लांब, म्हणजे पंचवीसच्या मापात बरोबर ९ इंच, आणि हा बरोबर भागाकार म्हणजे जगात काहीतरी न्याय असल्याचा पुरावा आहे असं काकांचं मत आहे. चोवीसच्या गाडीत पंचवीसचं इंजिन बसवणारा माणूस त्यांच्या लेखी परीक्षेत कॉपी करणारा.

हे पंचवीस मग आयुष्यात सगळीकडे शिरतं. पाहुणा दारात उभा राहिला की काका त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात भागाकार करतात. पावणेसहा फुटी माणूस पंचवीसच्या मापात सात सेंटिमीटर. आमच्या एका जाड्या मित्राला ते म्हणाले होते, "तू फियाटमध्ये बसशील, पण दार लागणार नाही." तो बिचारा महिनाभर चालायला जात होता.

रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तेवढाच थर मॉडेलवर बसला, तर मूळच्या मापात तो अडीच मिलिमीटर होतो. दाराच्या फटी बुजतात, अक्षरं पुसट होतात. म्हणून मॉडेलवर एअरब्रशने रंगाचा नुसता श्वास सोडायचा. मेटॅलिक रंग दुकानातून खऱ्या गाडीचा आणला, तर त्यातला चमकीचा कण पंचवीस पट मोठा दिसतो आणि बॉनेटवर काजू पेरल्यासारखी गाडी तयार होते. हे सगळं काका ज्या तळमळीने सांगतात, ती तळमळ घराच्या हप्त्याबद्दल बोलतानाही त्यांच्या आवाजात नसते.

आता एवढा नाद लागायला जागाही तशीच मिळाली. काका नोकरीसाठी ट्रॉयला आले, ते ट्रॉय म्हणजे या छंदाची पंढरी. एएमटी ही कंपनी १९४८ साली निघाली आणि पुढे ट्रॉयमध्येच नांदली. नावाचा अर्थ अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉईज. पण अ‍ॅल्युमिनियम लवकरच मागे पडलं आणि प्लॅस्टिक आलं. तेव्हाची रीत अशी, की दर वर्षी नवी मोटार आली की कंपनी तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती डीलरांना द्यायची. नवे रंग दाखवायला ती टेबलावर ठेवायची आणि गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात द्यायची. बाप किमतीची घासाघीस करत असायचा तोवर पोरगं गाडी घेऊन मोकळं झालेलं असायचं. सुरुवातीच्या त्या प्रतिकृती अ‍ॅसिटेटच्या, त्यामुळे वर्षं गेली तशा त्या वाकल्या; आज जुन्या बाजारात वाकलेली गाडी दिसली की काका आधी हळहळतात आणि मग ती तरीही विकत घेतात.

१९५८ साली एएमटीने त्याच साच्यांतून जोडायचे किट काढले, एका डब्यात तीन पर्याय: गाडी कारखान्यातून आली तशी बनवा, सजवून बनवा किंवा शर्यतीची बनवा. डेट्रॉइटमध्येच जो-हॅन होती, १९६३मध्ये जवळच्या माउंट क्लेमेन्सला एमपीसी निघाली. ज्या गावात खऱ्या गाड्या होत, त्याच गावात त्यांच्या छोट्या आवृत्त्याही होत होत्या, कारण मूळची ड्रॉइंग्ज हाताशी होती. त्याच्याही आधी, १९३० ते १९६८, जनरल मोटर्सची फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड नावाची स्पर्धा मुलांसाठी चालायची. आधी राजेशाही बग्गीची प्रतिकृती करायची असायची, १९३७पासून स्वतःच्या कल्पनेतली गाडी. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. १९४७ साली ती जिंकणारा चक जॉर्डन हा मुलगा पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. ही हकीकत काका प्रत्येक पालकाला ऐकवतात, विशेषतः ज्यांची मुलं मेडिकलला जाणार आहेत त्यांना.

दैव असं, की काका ट्रॉयला पोहोचेपर्यंत एएमटी परक्या हातांत गेली होती आणि पंढरीत फक्त पंढरीच उरली होती. साचे आता हात बदलत बदलत राउंड टू नावाच्या कंपनीकडे आहेत आणि जुने डबे जुन्याच चित्रांसह पुन्हा निघतात. काका म्हणतात, "साचे आहेत ना, मग झालं." माणसं, कंपन्या, इमारती या त्यांच्या मते येतात-जातात.

हा माणूस नोकरी काय करत होता, हे विचारलं तर अनेकजण चकित होतात. मोटारींत होते हे बरोबर. पण तीसेक वर्षं त्यांनी काम केलं ते फक्त वायपरवर. अख्ख्या वायपरवरही नाही. वायपरचा दांडा मोटरला जिथे जोडलेला असतो, त्या जोडणीवर. आज मोटार कोणी एक माणूस बनवत नाही. एकाकडे दाराची बिजागरी, दुसऱ्याकडे सीटचा फोम, तिसऱ्याकडे फोम किती कुरकुरतो ते मोजायचं यंत्र. काकांना याची खंत नाही, उलट अभिमान आहे. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरच्या पेटंटसाठी डेट्रॉइटच्याच रॉबर्ट कर्न्स या प्राध्यापकाने फोर्ड कंपनीवर १९७८ साली दावा लावला आणि १९९०मध्ये एक कोटी डॉलरच्या वर भरपाई मिळवली, हे ते घरच्या वडीलधाऱ्याचा पराक्रम सांगावा तसं सांगतात. तरीही खरी गोष्ट ही, की तीस वर्षं मोटारउद्योगात राहून या गृहस्थाने एकही मोटार बनवलेली नव्हती. बेसमेंटमध्ये मात्र इंजिन त्यांचं, सीट त्यांची, छप्पर त्यांचं, रंग त्यांचा; आणि वायपरसुद्धा, अर्थातच, त्यांचा. किटमध्ये वायपर काचेच्या चौकटीला चिकटूनच ओतलेला येतो. बाकीचे लोक त्यावर काळी रेघ ओढून मोकळे होतात. काका तो ब्लेडने तासून काढतात आणि तारेचा नवा करतात. एका वायपरला एक शनिवार. गाडीला दोन वायपर असतात.

या सगळ्याची खरी झळ काकूंना. मॉडेलच्या छंदाची बहुतेक हत्यारं मूळची स्वयंपाकघरातली किंवा ड्रेसिंग टेबलावरची असतात आणि परत जागेवर जात नाहीत. टूथपिक, कपड्यांचे चिमटे, चिमट्या, नेलपॉलिश, नखं घासायची कानस. प्लॅस्टिकचे पांढरे चमचे तर घरात टिकतच नाहीत, कारण रंग आधी चमच्याच्या पाठीवर मारून बघायचा असतो. एकदा वाढदिवसाला श्रीखंडाच्या वाट्यांत पाहुण्यांना मिळालेल्या चमच्यांपैकी दोन मागून फेरारीच्या लाल रंगाचे निघाले. सुट्या भागांवर साच्याचं तेल असतं म्हणून ते आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे. त्यामुळे सिंकच्या जाळीत कधी भाताचं शीत सापडतं, कधी कार्ब्युरेटर.

काकूंनी हौसेने एक डिहायड्रेटर आणला होता. मेथी, कढीपत्ता, आवळा वाळवायचा. मिशिगनमध्ये वाळवणाला ऊन कुठलं? आठवडाभराने काकांना शोध लागला, की मंद, एकसारख्या उबेवर रंग एका रात्रीत खणखणीत वाळतो. ही युक्ती मॉडेलवाल्यांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. काकूंना मात्र ती कढीपत्त्याला लॅकरचा वास आला तेव्हा समजली. पुढच्या वेळी काकूंनी आत काय आहे ते न बघता आवळ्यासाठी बटण वर सरकवलं आणि सकाळी एका थंडरबर्डचं छप्पर ड्रायव्हरच्या सीटवर टेकलेलं होतं. त्यानंतर घरात दोन डिहायड्रेटर आले. कोणता कोणाचा यावर चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्यांवर कुणाचाच विश्वास नाही.

वासावरून भांडण हा रोजचा विषय. त्यात एकदा काकांनी काकूंना समजवायला सांगितलं, की इलिनॉयच्या टेस्टर्स कंपनीचा प्रसिद्ध मॉडेलचा डिंक पोरं नशेसाठी हुंगायला लागली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या शेवटी कंपनीने त्यात मोहरीचा झणझणीत अर्क घातला, नाकात जाताच पोरगं पळालं पाहिजे म्हणून. काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फोडणीने तुम्हाला ठसका लागतो, आणि डिंकातली मोहरी चालते!" या मुद्द्याला काकांकडे आजही उत्तर नाही.

आणि मग तो सर्वांत गंभीर प्रसंग: भाग खाली पडणं. दाराचा आरसा तांदळाच्या दाण्याएवढा. चिमटीतून तो सुटला की 'टिक्' असा आवाज होतो आणि तो कार्पेटमध्ये नाहीसा होतो. अमेरिकेतला प्रत्येक मॉडेलवाला शपथेवर सांगेल, की कार्पेट भाग खातं. घरात "कुणी हलू नका!" अशी आरोळी उठते. काका गुडघ्यांवर, बॅटरी जमिनीला आडवी लावून सावली शोधतात. तरी नाही सापडला तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला काकूंचा पातळ मोजा ताणून लावतात, म्हणजे धूळ आत जाते आणि भाग मोज्यावर अडकतो. अशा शोधमोहिमेत आजवर काकूंची हरवलेली कुडी, मुलीचा दुधाचा दात आणि दोन कॅनेडियन नाणी सापडली. आरसा सापडला तो नवा तयार करून चिकटवल्यावर. तो नेहमी तेव्हाच सापडतो.

डब्यांचा साठा हे वेगळं प्रकरण आहे. पूर्ण झालेल्या गाड्या काचेच्या एका कपाटात मावतात. न उघडलेल्या डब्यांना तीन भिंती पुरत नाहीत. कारण किट बनवणं आणि किट विकत घेणं हे दोन स्वतंत्र छंद आहेत आणि दुसऱ्याला कमी वेळ आणि कमी दृष्टी लागते. हॉबी लॉबी या दुकानात पूर्वी एका वस्तूवर चाळीस टक्के सूट देणारं कूपन मिळायचं; माणशी एक, दिवसाला एक. त्या काळात काका सहकुटुंब दुकानात जात. काकू एका रांगेत, मुलगी दुसऱ्या रांगेत, भारतातून आलेल्या सासूबाई तिसऱ्या रांगेत, प्रत्येकीच्या हातात एक मोटार. सासूबाईंनी पुण्याला जाऊन सांगितलं, की जावई इतका उदार आहे की मला रोज गाडी घेऊन द्यायचा. २०२१ साली दुकानाने ते कूपन बंद केलं आणि कुटुंब एकत्र बाहेर जाण्याचं एक कारण संपलं.

मॉडेलवाल्यांना या साठ्याचं गणित कळत नाही असं नाही. वर्षाला दोन गाड्या पूर्ण होतात आणि पंधरा डबे येतात, हे इंजिनियरला कळणारच. उरलेल्या आयुष्यात संपणार नाही इतका साठा, या अवस्थेवर त्यांच्यात विनोदही चालतात. मृत्युपत्रात घर आणि निवृत्तीचे पैसे सरळ काकूंच्या नावे; डब्यांसाठी दोन पानं.

वर्षातून एकदा काका तासाभराच्या अंतरावर ओहायोत टोलेडोच्या बाजूला जातात. तिथे १९८०पासून एनएनएल नावाचा मॉडेलगाड्यांचा मेळावा भरतो. नाव मुद्दाम गमतीने ठेवलेलं, 'निनावी राष्ट्रीय दिग्गज' अशा अर्थाचं. परीक्षक, गुण, पहिला-दुसरा नंबर यांचा जाच नको म्हणून तो सुरू झाला; टेबलावर गाडी ठेवायची, दुसऱ्यांच्या बघायच्या आणि आवडीचं मत टाकायचं. हॉलमध्ये शेकडो माणसं, बहुतेक साठीपुढची, हात पाठीमागे बांधून कमरेत वाकलेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसून वडा खाणारे आणि "बरं चाललंय" यापलीकडे न बोलणारे काका इथे चार तास अखंड बोलतात. समोर फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेला पोनीटेलवाला गोरा, शेजारी एक दंतवैद्य (याच्याकडची हत्यारं सर्वांत चांगली), पलीकडे ट्रक चालवणारा कृष्णवर्णीय आजोबा. एकमेकांची आडनावं त्यांना माहीत नाहीत, निवडणुकीत मतं कुणाला दिली हे ते विचारत नाहीत. पण कोणाच्या १९६४च्या इम्पालाचा टेललाइट कशाचा केलाय, हे सर्वांना ठाऊक असतं. काकांना अमेरिका खऱ्या अर्थाने इथे भेटली. ऑफिसात भेटलेली अमेरिका त्यांना गुरुवारच्या मीटिंगपुरतीच आठवते.

यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ या मंडळींचं चक्क संग्रहालयसुद्धा आहे. झायन आणि ब्राइसचे लाल डोंगर बघायला म्हणून निघालेलं हे कुटुंब तिथे कसं पोहोचलं, याबद्दल काकू अजून बोलत नाहीत.

मराठी मंडळींनी काकांची कला समाजकार्याला लावायचा प्रयत्न केला. एका गणपतीला मखर त्यांच्यावर सोपवलं. काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मूर्ती किती इंची? मखराची स्केल ठरवायला हवी." मग त्यांनी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घेतला. दारावरचे खिळे एकेक करून बसवले, फटी पुटीने भरल्या, चारशेच्या सँडपेपरने घासल्या, मग सहाशेच्या. प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री अध्यक्ष बघायला गेले, तर अख्खा दरवाजा प्रायमरच्या राखाडी रंगात. "उद्या रंग?" अध्यक्षांनी विचारलं. काका म्हणाले, "प्रायमर पूर्ण सुकला पाहिजे. घाई केली तर वर सुरकुत्या येतात." त्या वर्षी बाप्पा राखाडी दरवाजात बसले. लोकांना तो दगडी बांधकामाचा आभास वाटला आणि फार कौतुक झालं. काका मात्र दहा दिवस अपराधी चेहऱ्याने आरतीला उभे होते.

पुढच्या पिढीची अडचण मोठी आहे. १९६०च्या दशकात जी अमेरिकन पोरं खाऊच्या पैशांतून किट घ्यायची, तीच आज सत्तरीला येऊन किट घेत आहेत. मधली पिढी खेळ सोडून गेली. काकांच्या मुलीला बाबांचं कौतुक आहे, पण तिने स्वतः केलेली एकमेव गाडी दुसरीत असतानाची, तीन चाकांची. आता नातू आहे, सहा वर्षांचा. काकांनी त्याला डिंक न लागणारं, नुसतं दाबून बसवायचं किट आणलं. त्याने ते वीस मिनिटांत जोडलं, जमिनीवर ठेवलं आणि तोंडाने आवाज काढत सोफ्याखाली पळवलं. काका क्षणभर बघतच राहिले. गाडी चालवायची असते, ही शक्यता त्यांच्या मनातून निघून गेली होती.

हा नाद लागला कुठे, याचा शोध घेतला तर तो कुर्ल्याला सापडतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथे क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या. म्हणजे डेट्रॉइटहून सुटे भाग यायचे आणि कुर्ल्यात गाडी व्हायची. एका अर्थी सगळं कुर्लाच किट जोडत होतं. पुढे फियाट ११०० आली आणि १९७०च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. काका त्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या चाळीत वाढले. किट कुठलं मिळायला? साबणाच्या वडीची गाडी कोरायची, औषधाच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची चाकं. आई त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी आंघोळ घालायची. पहिल्या गाड्या अशा रीतीने वाहून गेल्या. आज न उघडलेला डबा फोडायला काकांचा हात होत नाही, याचं मूळ कदाचित तिथे असेल.

सध्या बेसमेंटच्या टेबलावर पद्मिनीच आहे, काळी-पिवळी. मुंबईत वीस वर्षांच्या मुदतीच्या नियमाने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या बातमीच्या रात्री काकांनी काम सुरू केलं. तीन भिंतींच्या डब्यांत पद्मिनी एकही नाही. अमेरिकेच्या गाड्यांच्या जगात तिला कोण विचारतो? म्हणून ही मुळापासून स्वतः करायची. प्लॅस्टिकच्या पत्र्या कापून, जुन्या फोटोंवरून मापं घेऊन, जेमतेम सोळा सेंटिमीटरची. क्रोमच्या पट्ट्यांसाठी फार्मिंग्टनची बेअर मेटल फॉइल, जी कागदाहून पातळ असते आणि शिंक आली की नाकात जाते. मीटर बाहेरच्या बाजूला, झेंडा खाली. डॅशबोर्डवर साईबाबा तीन मिलिमीटरचे. मागच्या काचेवर काय लिहायचं यावर काकांनी मुंबईतल्या चुलतभावांना फोन करून मतदान घेतलं. निकाल अजून लागलेला नाही.

गाडी अडली आहे ती वायपरपाशी. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, पद्मिनीचं उजवीकडे. म्हणून वायपर कोणत्या अंगावर निजतात, हे ठरवायला खात्रीचा फोटो हवा. सगळ्या फोटोंत नेमक्या त्याच जागी फुलांचा हार आहे. "हाराआड काय आहे हे कळल्याशिवाय मी बसवणार नाही," काका म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ही तीस वर्षांच्या नोकरीची अब्रू आहे. काकूंच्या दृष्टीने हे टेबल २०२३पासून अडलेलं आहे. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. जगात बहुतेक माणसांच्या वाट्याला कुठल्यातरी मोठ्या यंत्राचा एक दांडा येतो. अख्खी गाडी एकट्याने बनवायची असेल, तर ती पंचविसाव्या भागाची करून घ्यावी लागते, आणि तेवढं शहाणपण काकांना चाळिशीच्या आत आलं. पुष्कळांना निवृत्तीनंतरही येत नाही.

तेव्हा मिशिगनला कुणाकडे गेलात आणि जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर काकांचं बोट दिसलं, तर काकूंचं न ऐकता खाली जा. हात पाठीमागे बांधा. "याला चावी आहे का?", "हे विकले तर किती येतील?" आणि "यात माणसं का नाहीत?" हे तीन प्रश्न टाळा. स्केल विचारा. मुलं बरोबर असतील तर त्यांना वरच थांबवा. आणि १९७५च्या आसपासची, हार न घातलेली पद्मिनी समोरून टिपलेला एखादा फोटो तुमच्या घरच्या अल्बममध्ये असेल, तर कृपा करून पाठवून द्या. काकूंना टेबल हवं आहे.